फ्रोझन पफ पेस्ट्री शीट: व्हेज पफला उत्तम, खारीला नको

बेळगावात कॅम्प, टिळकवाडीच्या मोठ्या दुकानांत फ्रीझरमध्ये पफ पेस्ट्रीची तयार शीट मिळतात. घरी व्हेज पफ, एग पफ करायचे असतील तर ती जरूर घ्यावीत. पीठ लाटा, मार्जरीन (वनस्पती तेलापासून केलेला लोण्यासारखा घट्ट पदार्थ) भरा, घडी घाला, पुन्हा गार करा, हा अर्ध्या दिवसाचा खटाटोप वाचतो आणि पदर बेकरीच्या तोडीचे सुटतात. खारीसाठी मात्र घेऊ नयेत. खारी मंद आचेवर आतपर्यंत वाळावी लागते; तेवढा वेळ घरचा ओव्हन चालवण्यापेक्षा बेकरीची खारी केव्हाही बरी.

घेताना पाकीट हाताने चाचपून बघा. शीट एकमेकांना चिकटून गोळा झालेली असतील, कोपरे दुमडलेले असतील किंवा आत बर्फाचा चुरा दिसत असेल, तर माल एकदा वितळून पुन्हा गोठलेला आहे. तो फुलणार नाही. शीटमधला मार्जरीनचा थर सलग राहिला तरच पदर सुटतात. वितळला की तो पिठात मुरतो आणि भाजल्यावर जाड, तेलकट पुरी हातात येते. खानापूर किंवा निपाणीकडे न्यायचं असेल तर खरेदी सगळ्यात शेवटी करा, पाकीट वर्तमानपत्राच्या चार-पाच घड्यांत गुंडाळा आणि घरी पोचताच फ्रीझरमध्ये टाका. वाटेत पूर्ण मऊ पडलं असेल तर पुन्हा गोठवू नका, त्याच दिवशी वापरून संपवा.

बहुतेक शीट मार्जरीनची असतात. लोण्याचा वास त्यांना नाही, ही खरी उणीव. पण एप्रिल-मेच्या उकाड्यात लोण्याचं शीट ओट्यावर लगेच पाघळतं, मार्जरीनचं थोडा दम धरतं. ट्रान्स फॅटची शंका असेल तर पाकिटावरचा आकडा वाचा. 2022 पासून आपल्याकडे त्यावर पदार्थातल्या एकूण तेल-चरबीच्या 2 टक्क्यांची मर्यादा आहे.

सारण कोरडं आणि पूर्ण गार हवं. 12 पफांना 300 ग्रॅम उकडलेला बटाटा, एक मोठा कांदा आणि अर्धी वाटी मटार पुरे. रंगाला ब्याडगी, तिखटाला थोडी संकेश्वरी मिरची. शेवटी दोन चमचे डाळव्याची पूड मिसळा, ती उरलेलं पाणी ओढून घेते. पफाचा तळ कच्चा राहतो तो बहुतेक वेळा ओल्या सारणामुळेच. एग पफला उकडलेल्या अंड्याचा अर्धा भाग आणि चमचाभर कांद्याचा मसाला, तोही चांगला आटवलेला.

शीट फ्रीजच्या खालच्या कप्प्यात रात्रभर ठेवा. दुमडताना तडकू नये इतपत मऊ, पण हाताला गारच लागलं पाहिजे. धारदार सुरी सरळ खाली दाबून 10 सेंटीमीटरचे चौकोन कापा. सुरी ओढली की कडा चेपतात आणि पदर तिथेच चिकटतात. अंडं किंवा दूध फक्त वरून लावा. कापलेल्या कडेवर ओघळलं तर ती बाजू फुलत नाही, पफ वाकडा होतो. भरलेले पफ भाजण्याआधी 15 मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा. ही पायरी टाळू नका.

ओटीजीची (विजेच्या छोट्या ओव्हनची) वरची-खालची दोन्ही कॉइल लावून 200 अंशांवर 15 मिनिटं आधी तापवा. पफ आत गेल्यावर पहिली 15 मिनिटं दार अजिबात उघडायचं नाही. पिठातल्या पाण्याची वाफ पदर उचलते, पण ते कडक होण्याआधी उष्णता गेली की खाली बसतात. मग 180 वर आणखी 8-10 मिनिटं. नुसता वरचा रंग बघून काढू नका, तळ तांबूस झालाय का ते एक पफ उचलून बघा. एअर फ्रायरमध्ये 180 वर 12-14 मिनिटं लागतात, मध्ये एकदा उलटावे लागतात. वरून रंग लवकर येतो, तळ मागे राहतो. साध्या मायक्रोवेव्हच्या नादी लागू नका, कन्व्हेक्शन असेल तरच चालेल.

पावसाळ्यात, विशेषतः खानापूरकडे, पफ काही तासांतच मऊ पडतात. गार झाल्यावरच डब्यात भरा, आणि खाताना 160 अंशांवर पाच-सहा मिनिटं गरम करा.