पीएस थ्री 'जेलब्रेक'ला देणार असाल तर आधी हे वाचा

कोल्हापुरात जुना प्लेस्टेशन थ्री (सोनीचं गेम खेळायचं मशीन) जेलब्रेक करून घ्यायच्या, म्हणजे त्यातली कंपनीची बंधनं काढून घ्यायच्या बेतात कुणी असेल, तर मशीन दुकानात ठेवून येण्याआधी एवढं वाचाच. दुकान शहरातलंच आहे. तक्रार चालू असल्यामुळे नाव लिहीत नाही, पण पद्धत सगळी सांगतो, कारण असं करणारा हा एकटाच असेल असं मला वाटत नाही.

आमचा पीएस थ्री सुपर स्लिम, म्हणजे त्यातलं शेवटचं पातळ मॉडेल, ५०० जीबीचा, २०१३ साली घेतलेला. आता लेन्स थकलीय, डिस्क कधी वाचते, कधी नुसतीच घरघरते. आपल्याच डिस्क हार्डडिस्कवर उतरवून तिथून खेळता याव्यात, एवढ्यासाठी मॉड, म्हणजे जेलब्रेकच, करायचं ठरलं. दुकानदाराने मशीन उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाला, "दादा, फुल जेलब्रेक मारून देतो, लाइफटाइम. आतली चिप फ्लॅश करायला लागतीय, तेवढं मशीन ठेवून जावा. डाटाला हात लावत नाही." २,८०० रुपये ठरले, यूपीआयने दिले. पावती मागितली तर "आपल्यात पावती कसली?"

त्याच्या या बोलण्यात एक शब्द खरा नव्हता.

पीएस थ्रीवर दोन प्रकारचं मॉडिंग होतं. एक सीएफडब्ल्यू (कस्टम फर्मवेअर), म्हणजे मशीन चालवणारं मूळ सॉफ्टवेअर, फर्मवेअर, तेच बदलून टाकणं. ते जुन्या जाड मॉडेलवर आणि सुरुवातीच्या स्लिमवर होतं. स्टिकरवरचा मॉडेल नंबर सीईसीएच-३ किंवा सीईसीएच-४ ने सुरू होत असेल, तर सीएफडब्ल्यू बसतच नाही. सगळे सुपर स्लिम या ४ च्या गटात येतात. अशा मशीनसाठी २०१९ पासून दुसरा प्रकार, हेन (होमब्रू एनेबलर), आलं, आणि ते बनवणाऱ्यांनी फुकट दिलंय. पेनड्राइव्हवरून हायब्रिड फर्मवेअर (थोडा बदल केलेलं मूळ फर्मवेअर) टाकायचं, मग मशीनच्याच ब्राउझरमधून हेन बसवायचं. स्क्रू काढायचा नाही, चिपला हात लावायचा नाही, फॉरमॅट मारायचा नाही. सवयीच्या माणसाला अर्धा तास खूप झाला. या कामाची मजुरी कुणी घेतली तर त्यात गैर काही नाही, कष्टाचे पैसे द्यावेतच. पण 'चिप', 'लायसन', 'लाइफटाइम' हे शब्द सुपर स्लिमसाठी कानावर पडले की मशीन उचलून घरी यावं.

मशीन आणायला गेलो तेव्हा तो म्हणाला, "फॉरमॅट मारायला लागला, जेलब्रेकमध्ये होतंच." तिथेच पोटात गोळा आला. मी आणि माझा चुलतभाऊ गेली कित्येक वर्षं प्रो इव्होल्यूशन सॉकर २०१३ हा फुटबॉलचा गेम खेळतोय. त्या गेमच्या एडिट मोडमध्ये आम्ही कोल्हापूरच्या तालमींच्या फुटबॉल टीम बनवल्या होत्या. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, प्रॅक्टिस क्लब. शाहू स्टेडियमवर मॅच बघून यायचं आणि रात्री बसून एकेका खेळाडूची उंची, केस, डावा पाय की उजवा, सगळं भरायचं. जर्सीचे रंग जुळेपर्यंत भाऊ उठायचा नाही. ते सगळं गेलं.

पुढचा प्रकार त्याहून वाईट. मशीन एकदा बंद करून चालू केलं, तर एकही गेम उघडेना. फोन केला तर उत्तर आलं, "लायसन एक्स्पायर झालंय दादा, घेऊन या, ४०० रुपयांत रिन्यू करून देतो." यावेळी भाऊ काउंटरवर वाकून बघत उभा राहिला. दुकानदाराने मशीन टीव्हीला जोडलं, कंट्रोलर घेतला, गेमच्या रांगेत गेला, 'इनेबल हेन' असं लिहिलेल्या आयकॉनवर एकदा दाबलं आणि हात पुढे केला. झालं रिन्यू! हेन कायम चालू राहत नाही, मशीन बंद करून परत लावलं की ते पुन्हा चालू करावं लागतं. हे ज्याला माहीत नाही, अशा गिऱ्हाइकाकडून हा माणूस एक बटण दाबायचे दर वेळी ४०० रुपये घेतो. शाळकरी पोरं खाऊचे पैसे साठवून त्याच्याकडे येताना मी स्वतः बघितलीत, त्याचा मला जास्त राग आहे.

संशय आला म्हणून घरी येऊन सेटिंगमध्ये सिस्टिम इन्फर्मेशन उघडलं. ५०० जीबीची डिस्क तिथे साधारण ४६५ जीबी दिसते. आमच्याकडे दिसत होते १४९, म्हणजे १६० ची डिस्क. कडेचं झाकण सरकवलं, डिस्कचा कप्पा बाहेर ओढला. आत लॅपटॉपमधून काढलेली डिस्क, लेबलच्या कोपऱ्यावर जुन्या स्टिकरचा चिकट डाग, आणि तारीख छापलेली २००९ ची. सुपर स्लिम बाजारातच आला २०१२ मध्ये. मशीनच्या आधी तीन वर्षं बनलेली डिस्क त्यात मूळची कशी असेल?

"तुमची हीच होती," असं तो म्हणत राहिला. पूर्वी धूळ साफ करताना भावाने मूळ डिस्कचा फोटो काढलेला होता, सीरियल नंबरसकट. तो दाखवल्यावर "कारागिराकडून बदलली असेल" झालं, आणि आतून आमची डिस्क आली. पण ती दुसऱ्या मशीनला लावून झाली होती. पीएस थ्री आपली डिस्क स्वतःच्या किल्लीने एन्क्रिप्ट करतो, त्यामुळे दुसऱ्या पीएस थ्रीत ती फॉरमॅट केल्याशिवाय चालतच नाही. तालमींच्या टीम परत यायचा रस्ता तिथे बंद झाला.

पैसे परत मागितले तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "कंप्लेंट कुठं करणार दादा? जेलब्रेक तुम्हीच करून घेतलाय." याच भीतीवर त्याचा धंदा चाललाय. कॉपीराइट कायद्याचं कलम ६५अ हक्कभंगाच्या हेतूने डिजिटल कुलूप तोडण्याबद्दल आहे, आणि दुकानात पायरेटेड गेम भरून देणं बेकायदा आहेच. पण म्हणून गिऱ्हाइकाची डिस्क काढून घ्यायचा परवाना कुणाला मिळत नाही. विश्वासाने दिलेली वस्तू लांबवणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ मध्ये बसतं, फसवणूक ३१८ मध्ये.

आम्ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरवर तक्रार नोंदवली. पावती नसली तरी यूपीआयची नोंद, 'लायसन रिन्यू'चे व्हॉट्सअॅप मेसेज आणि दोन्ही डिस्कचे फोटो जोडलेत. तिथे मिटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जाणार आहोत. गेल्या वर्षभरात कोल्हापुरात कुणी सुपर स्लिम मॉड करून घेतला असेल, तर आज सिस्टिम इन्फर्मेशन उघडून डिस्कचा आकडा बघा, आणि कमी दिसला तर डिस्क बाहेर काढून लेबलचा फोटो घेऊन ठेवा. तक्रारदार दोन-चार झाले तर आमच्या अर्जालाही बळ येईल.