गरोदरपणात अलाइनर: १३ महिन्यांनंतरचा अनुभव (आणि त्या डबीबद्दल)

काल रात्री अलाइनरच्या डबीची बिजागरी तुटली आणि मला इतका आनंद झाला की झोपलेल्या नवऱ्याला उठवून दाखवली. तेव्हाच ठरवलं, आता रिव्ह्यू लिहायचाच.

अलाइनर म्हणजे दात सरळ करायला दातांवर चढवायचे पारदर्शक प्लास्टिकचे ट्रे, दिवसातले २२ तास घालायचे, खाताना आणि ब्रश करताना काढून डबीत ठेवायचे. माझी केस साधी होती, वरचे पुढचे दात एकमेकांवर चढलेले, खाली दाटी, एकूण २४ ट्रे, दर आठवड्याला एक बदलायचा. चार ट्रे मजेत झाले. पाचवा घातला त्याच आठवड्यात टेस्ट पॉझिटिव्ह. पैसे आधीच सगळे भरून झाले होते, त्यामुळे "मग आता हे थांबवायचं का?" असं घरात ज्याने ज्याने विचारलं त्याच्याकडे मी नुसतं बघितलं.

ऑर्थोडॉन्टिस्ट (दात सरळ करणाऱ्या डॉक्टर) मॅडम म्हणाल्या थांबवायची गरज नाही, एक्सरे आणि स्कॅन सगळं आधीच झालंय, यात कुठलं औषध नाही, गायनॅकला सांगून ठेव आणि ट्रे आता दोन आठवड्यांनी बदल. एवढं सोपं वाटलं ना? मलाही वाटलं होतं.

गरोदरपणाच्या सातव्या आठवड्यात उलट्या सुरू झाल्या. आता ज्यांनी ट्रे घातलेत त्यांना माहितीये की तो काढायचा कसा, मागच्या दाढेच्या आतल्या बाजूला नख अडकवायचं, एक बाजू सोडवायची, मग दुसरी, मग पुढून खाली ओढायचा. माझ्या वरच्या डाव्या सुळ्यावर एक अटॅचमेंट आहे (दातावर चिकटवलेला तो छोटा खडा), तिथे ट्रे असा घट्ट धरून बसतो की दोनदा जोर लावल्याशिवाय सुटत नाही. आणि हे सगळं करायचं कधी, तर मळमळून आलंय आणि हातात जेमतेम तीन सेकंद आहेत तेव्हा. वर दाढेपर्यंत बोट गेलं की नसलेली उलटीसुद्धा येते. म्हणजे काढायला गेलं तरी उलटी, नाही काढलं तर ट्रेसकट उलटी. दोन्ही करून बघितलंय.

आणि मग ती डबी. दोन्ही बाजूंच्या खाचा एकदम दाबल्याशिवाय ती उघडतच नाही, म्हणजे दोन हात लागणार. एका हातात लाळेने थबथबलेला ट्रे, दुसऱ्या हाताने बेसिन धरलेलं, तिसरा हात आणायचा कुठून? ज्याने कुणी ही डबी डिझाइन केली त्याला आयुष्यात कधी मळमळलेलं नाही एवढं मी छातीठोकपणे सांगते. वर तिला भोकं फक्त दोन आणि तीही खालच्या बाजूला, त्यामुळे टेबलावर ठेवली की बंद. ट्रे आत ओलाच राहतो आणि दुसऱ्या दिवशी झाकण उघडलं की असा वास येतो की, पहिल्या तीन महिन्यांत वासाचं काय होतं ते वेगळं सांगायला नको.

म्हणून मी ट्रे टिश्यूत गुंडाळून ठेवायला लागले. सगळे सांगतात असं करू नका. बरोबर सांगतात. ९ नंबरचा वरचा ट्रे असाच कचऱ्यात गेला, आणि कचरा घराबाहेर गेल्यावर मला आठवलं.

कंपनीच्या सपोर्टला फोन केला तर नवीन ट्रेचे वेगळे पैसे आणि तीन आठवडे थांबा. मी म्हटलं डबी एका हाताने उघडत नाही म्हणून हे झालं, तर तिकडून उत्तर, "मॅम, डबी प्रीमियम क्वालिटीची आहे". चार दिवस मेलामेली चालली. त्यात त्यांचं ॲप रोज रात्री लाल अक्षरात सांगायचं की आज तुम्ही फक्त १५ तास ट्रे घातला, तुमची ट्रीटमेंट धोक्यात आहे. मी ते ॲप उडवलं, आणि त्या दिवसापासून माझी ट्रीटमेंट सुधारली असं माझं मत आहे. शेवटी मॅडमनी सांगितलं, ९ नंबर अकरा दिवस घालून झालाय ना, मग १० बसवून बघ, नाही बसला तर ८ वर मागे जा. बसला. दोन दिवस दात असे ठणकले की मऊ खाणंसुद्धा नकोसं झालं, पण बसला, आणि जास्तीचा एक पैसाही गेला नाही. दुखण्यावर आयबुप्रोफेन वगैरे मनाने घेऊ नका, गरोदरपणात ते टाळायला सांगतात, विशेषतः २० आठवड्यांनंतर. मला गायनॅकनी गरज पडली तर पॅरासिटामॉल सांगितलं होतं, एकदाच घेतली.

तास कमी का पडतात तेही सांगते, कारण हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. उलटीनंतर तोंडात ॲसिड असतं. लगेच ट्रे चढवला तर ते ट्रे आणि दाताच्या मध्ये अडकतं, एरवी लाळ ते धुऊन टाकते पण ट्रेखाली लाळ पोचत नाही, मग दाताचं वरचं आवरण झिजतं. लगेच ब्रशही करायचा नाही, मऊ झालेलं आवरण ब्रशने अजून खरवडलं जातं. कपभर पाण्यात चमचाभर खायचा सोडा घालून चूळ भरायची, अर्धा-पाऊण तास थांबायचं, मग ब्रश, मग ट्रे. दिवसाला तीन उलट्या आणि दर दोन तासांनी थोडं थोडं खायचं असेल तर २२ तासांचा हिशोब तुम्हीच करा. मी ८ नंबर साडेचार आठवडे घातला होता तो याच्यामुळेच. दात आणि ट्रेच्या मध्ये कडेने प्रकाश दिसेल एवढी फट राहायची, ती जाईपर्यंत पुढचा उघडलाच नाही. ट्रे गरम पाण्याने धुवायचा मोह होतो, करू नका, आकार बिघडतो.

इथपर्यंत वाचून वाटेल की मी हे घेऊ नका म्हणतेय. पाचव्या महिन्यापर्यंत मी खरंच तसंच म्हणत होते.

मग हिरड्या सुजायला लागल्या. ब्रश केला की बेसिनमध्ये लाल. हे ट्रेमुळे नाही, गरोदरपणातल्या हार्मोन्सने हिरड्या थोड्याशा किटणालाही जास्त चिडतात आणि साधारण आठव्या महिन्यापर्यंत ते वाढत जातं. (घरात ऐकवलं गेलं की बाळ दातातलं कॅल्शियम ओढून घेतं. नाही ओढत, दातातलं कॅल्शियम असं निघत नसतं.) तेव्हा लक्षात आलं की तारा असत्या तर मी कामातूनच गेले असते. मैत्रिणीला तारा होत्या तेव्हा फ्लॉस घालायला तिला वीस मिनिटं लागायची. मी ट्रे काढला की सगळे दात मोकळे, आणि खाल्ल्यावर दर वेळी ब्रश करायची शिस्त आपोआप लागलेली. मॅडमनी पाचव्या महिन्यात क्लिनिंग करून दिलं आणि म्हणाल्या एवढ्या कमी सुजलेल्या हिरड्या गरोदरपणात कमी बघायला मिळतात. त्या दिवशी घरी येताना मी डबीलासुद्धा माफ केलं होतं, संध्याकाळपर्यंत.

सातव्या महिन्यात दोन दातांच्या मध्ये हिरडीवर लालबुंद दाण्याएवढी गाठ आली, हात लावला की रक्त. नाव गूगल केलं तर 'प्रेग्नन्सी ट्यूमर', रात्रभर झोप नाही. नावच तेवढं भयंकर, कॅन्सरशी काही संबंध नाही, बहुतेक वेळा डिलिव्हरीनंतर आपोआप बसते. ट्रेची कड तिथे घासत होती, मॅडमनी तेवढीच कड कापून घासून गुळगुळीत करून दिली, पाच मिनिटांचं काम. खुर्चीत मला डावीकडे थोडं कलवून बसवलं होतं, कारण या महिन्यांत उताणं झोपलं की पोटाचं वजन मोठ्या शिरेवर येऊन चक्कर येते. आणि हो, ७५ ग्रॅम ग्लुकोजची टेस्ट असते ना, ते पाणी मी ट्रे घालूनच प्यायले. दोन तास साखरेत मुरलेले दात.

कळा सुरू झाल्या तेव्हा २० नंबर चालू होता. नर्स म्हणाली तोंडातलं सगळं काढा. मी ट्रे काढला, डबी घेतली, एक कळ आली, डबी उघडेना, दुसरी कळ आली, तरी उघडेना. नर्सने माझ्या हातातून घेतली आणि एका हाताने, अंगठ्याने, टक करून उघडली. बाकी त्या दिवसातलं मला बरंच काही आठवत नाही, पण ते टक आठवतं.

तीन दिवस ट्रेला हात लावला नाही. चौथ्या दिवशी २० बसेना. मग १९ आठवडाभर, तासातासाला ती रबराची च्युई (ट्रे दातांवर नीट बसावा म्हणून चावायचा तुकडा) चावत, मग २० परत. रात्री बाळाला पाजताना ट्रे घातलेला असला की तोंडाला अशी कोरड पडते की पाण्याची बाटली उशाशीच हवी. २४ संपले तेव्हा समोरचे सरळ, सुळ्याशेजारचा एक दात मात्र अजून तिरका. माझे तास कमी पडले का विचारलं, तर मॅडम म्हणाल्या तो छोटा दात अनेकांचा मागे राहतो, मनाला लावून घेऊ नकोस. पुन्हा स्कॅन झाला, तोंडात मापाचा लगदा न घालता कॅमेऱ्यानेच, त्यामुळे ओकारी नाही. अजून ८ ट्रे, आणि हे प्लॅनमध्येच होते म्हणून फुकट, नाहीतर हा रिव्ह्यू वेगळा झाला असता.

ते पाकीट आज आलं. आत ८ ट्रे, दोन च्युया आणि नवी कोरी डबी, तीच, दोन्ही बाजूंना खाचा. मी औषधाच्या गोळ्यांची रुंद तोंडाची एक बाटली घेऊन तिला तापवलेल्या सुईने वरून सहा भोकं पाडलीत, झाकण नुसतं टेकवलं तरी चालतं. डबीचं सील फोडलेलं नाही, कुणाला हवी असेल तर घेऊन जा.