पहिला एक एमबी: थोडा राखायचा की सगळाच?

एक्स८६वर, म्हणजे नेहमीच्या इंटेल-एएमडी प्रोसेसरवर, स्वतःचा कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) लिहीत असाल किंवा जुना लिनक्स कर्नल सांभाळायचं काम गळ्यात पडलं असेल, तर बूट होताना मेमरीतल्या पहिल्या एक एमबीचं काय करायचं हे ठरवावंच लागतं. माझं मत आधीच सांगून टाकतो: सगळा राखून ठेवा, म्हणजे कर्नलला तो इतर कामांसाठी वापरूच देऊ नका. मात्र त्यातला क्रम चुकला तर मशीन अर्धवटच उठतं.

सगळ्यात काटकसरीची वाट म्हणजे बायोसने, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या मदरबोर्डवरच्या प्रोग्रामने, दिलेला ई८२० नकाशा (कुठली मेमरी मोकळी, कुठली नाही याची यादी) खरा मानायचा. क्यूईएमयू या व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या प्रोग्रामवर बायोसने बूट केलं, की नकाशाची पहिली ओळ साधारणपणे ० ते ६३९ केबी हा पट्टा वापरण्याजोगा असल्याचं सांगते. पुढचा १ केबी बायोसच्या वाढीव डेटाचा, म्हणजे ईबीडीएचा. ६४० केबीच्या वर व्हिडिओ मेमरी आणि रॉम, त्यामुळे तिथे हात घालायचा प्रश्नच नाही. पण या 'वापरण्याजोग्या' पट्ट्याच्या अगदी सुरुवातीलाच इंटरप्ट व्हेक्टर टेबल (कुठला इंटरप्ट आला की कुठला कोड चालवायचा याचा तक्ता) बसलेलं असतं: २५६ व्हेक्टर, प्रत्येकी ४ बाइट, आणि त्याला लागून बायोसचा स्वतःचा डेटा. म्हणजे शून्याचं पेज, मेमरीचा पहिला ४ केबीचा तुकडा, बाजूला काढावंच लागतं. आणि खरी डोकेदुखी तर पुढेच आहे. काही बायोस आपणच मोकळी म्हणून जाहीर केलेली मेमरी नंतर खुशाल खराब करतात, विशेषतः मशीन झोपून उठताना. क्रॅश होतो भलत्याच ठिकाणी, आणि आपण निर्दोष ड्रायव्हरच्या मागे लागतो. लिनक्समध्ये यासाठी एक तपासनीस आहे. तो खालचा ६४ केबी शून्यांनी भरून ठेवतो आणि दर ६० सेकंदांनी पाहतो. चोरी झाल्याचं कळतं, थांबत मात्र नाही.

मधली वाट म्हणजे ठरावीक तुकडा राखणं. लिनक्समध्ये बरीच वर्षं हेच चालायचं: आपोआप ६४ केबी, आणि 'रिझर्व्हलो' या बूट पर्यायाने ४ ते ६४० केबीपर्यंत कितीही. समजूतदार वाटतं, पण ६४ हा आकडा अंदाजाचाच. बायोसने ६४ केबीच्या वर हात मारला तर तुमच्याकडे उत्तर नाही. त्यात ईबीडीए किती मोठा असेल ते आधी कळत नाही; तो १२८ केबीइतक्या खालूनही सुरू होऊ शकतो.

तिसरी वाट लिनक्सने २०२१ मध्ये, ५.१३ आवृत्तीत, माइक रॅपोपोर्ट यांच्या बदलाने धरली: पहिला १ एमबी कायमचा बंद. इंटेलच्या सँडी ब्रिज ग्राफिक्सच्या मशीनवर आणि क्रॅश कर्नल (मुख्य कर्नल कोसळल्यावर माहिती गोळा करणारा दुसरा कर्नल) वापरताना तो तसाही पूर्ण राखला जातच होता. अडचण एकच. प्रोसेसरचे पहिला सोडून बाकीचे कोअर रिअल मोडमध्ये, म्हणजे जुन्या १६-बिट पद्धतीत, जागे होतात, आणि त्यांना उठवणाऱ्या संदेशात पेजच्या क्रमांकाला ८ बिटच मिळतात. ४ केबीची २५६ पेजं, म्हणजे बरोबर १ एमबी. त्यांचा सुरुवातीचा कोड, ज्याला ट्रॅम्पोलिन म्हणतात, इथेच ठेवावा लागतो. म्हणून आधी फक्त ६४ केबी राखायचे, मग ट्रॅम्पोलिनला जागा काढून द्यायची, आणि त्यानंतर सगळ्याला कुलूप. उलटं केलंत तर ट्रॅम्पोलिनला जागाच उरत नाही आणि एकाच कोअरवर भागवावं लागतं.

किंमत? जेमतेम ६४० केबी, म्हणजे १६० पेजं. ४ जीबीच्या मशीनवर हे ०.०१६ टक्क्यांच्याही आत. फर्मवेअर (बायोससारखा बूट करणारा प्रोग्राम) तुमचंच असेल आणि व्हर्च्युअल मशीनला मोजून काही एमबी दिलेले असतील, तरच पहिल्या वाटेचा विचार करा. मधली वाट नव्या कामासाठी मी तरी सुचवणार नाही. जुन्याच कर्नलवर अडकला असाल आणि बायोसवर संशय असेल, तर 'रिझर्व्हलो' सरळ ६४० करा. नव्या कर्नलमधून तो पर्यायच काढून टाकलाय.

एक सूचना: नव्या कर्नलवर प्रॉक-आयओमेम ही मेमरीचे पट्टे दाखवणारी फाइल उघडलंत तर हा पट्टा अजूनही सिस्टिम रॅम म्हणूनच दिसेल. ही राखणी मेमब्लॉकमध्ये, म्हणजे बूट होताना मेमरीचा हिशोब ठेवणाऱ्या कर्नलच्या भागात, होते, ई८२० नकाशात नाही, त्यामुळे बदल लागू झाला नाही असं समजू नका.