उमेदवाराच्या शब्दावर माझ्या नावाची बिले

२०२४ च्या विधानसभा निवडणुकीत पक्षाच्या उमेदवारासाठी मी ३,४२,००० रुपयांचा खर्च अंगावर घेतला: मंडप व खुर्च्या १,१२,०००, कार्यकर्त्यांचे जेवण १,३८,०००, डिझेल ६४,५०० आणि भोंगे २७,५००. त्यांतला एक रुपयाही परत आलेला नाही. अठरा वर्षे सतरंज्या उचलणाऱ्याला एवढे कळू नये का, असे घरचे विचारतात. पण पक्षाच्या कामात पावती मागणारा आमच्या तालुक्यात गद्दार ठरतो, हे त्यांना कोण सांगणार?

कळायला हवे होते ते पहिल्या सभेच्या रात्रीच. बिल कोणाच्या नावावर करू, असे मंडपवाल्याने विचारले तेव्हा उमेदवार माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "सध्या तुमच्याच नावावर राहू द्या, मर्यादेत बसवायचे आहे." खर्चाची मर्यादा ४० लाखांची आहे आणि त्यासाठी उमेदवाराचे स्वतंत्र बँक खाते असते, हे मला चांगले ठाऊक होते. तरीही चारचौघांत खांद्यावर पडलेल्या त्या हाताने मी फुगलो. बिल उमेदवाराच्या खात्यातून निघत नसेल, तर तिथेच उठा.

त्यांची गावात दुही पेरणारी भाषणे मी गल्लोगल्ली वाजवली आणि त्याच भरात, माझा ट्रॅक्टर वर्षानुवर्षे दुरुस्त करणाऱ्या शेजाऱ्याच्या गॅरेजची पायरी चढणे सोडले. २३ नोव्हेंबरला उमेदवार पडले आणि चार महिन्यांत, ज्यांना शिव्या देत होते, त्यांच्याच पक्षात गेले. पैशांचे विचारले तर म्हणाले, "पक्षाकडे मागा." पक्ष कार्यालयात उत्तर मिळाले, "ते आता आमचे नाहीत."

पोलीस ठाण्यात तीन हेलपाटे घातले. अर्ज ठेवून घेतला, पोच दिली नाही (पोच घेतल्याशिवाय अर्ज हातातून सोडू नका), आणि तिसऱ्या खेपेला साहेबांनी मलाच भारतीय न्याय संहितेचे कलम १७६ वाचून दाखवले: उमेदवाराच्या लेखी अधिकाराशिवाय सभेवर खर्च करणाऱ्याला १०,००० रुपयांपर्यंत दंड. म्हणजे बुडालो मी आणि आरोपीही मीच! निवडणूक कार्यालयातून उमेदवाराच्या हिशेबाची प्रत मिळवली, तर ज्या सभेला मी २,००० खुर्च्या मांडल्या, तिच्या नावे ३०० खुर्च्या दाखवलेल्या. त्यावर तिथला कारकून म्हणाला, "पडलेल्याचा हिशेब आता कोण उकरणार?" लेखी अधिकारपत्र हातात पडेपर्यंत एक खुर्चीसुद्धा मांडू नका, मग नेता कितीही जवळचा असो.

मंडपवाल्याचे ३०,००० अजून द्यायचे आहेत; तो दर सोमवारी दुकानात येऊन बसतो. ट्रॅक्टर महिनाभर बंद आहे, आणि त्या गॅरेजमध्ये जायला माझे पाऊल उचलत नाही.