क्रोएशियातल्या दुब्रोव्हनिकची तटबंदी: क्रूझच्या एका दिवसासाठी

जहाजं बहुतेकदा ग्रुझ बंदरात लागतात; जुनं शहर तिथून साधारण 3 किलोमीटर. स्थानिक बस थेट जुन्या शहराच्या पिले दरवाजाशी सोडते, त्यामुळे जहाजावरच्या महागड्या सहलीची गरज नाही. तटबंदीची 1940 मीटरची फेरी घड्याळाच्या उलट दिशेनेच करावी लागते, मागे फिरता येत नाही. दोन तास धरा. वर सावली जवळपास नाहीच, म्हणून सकाळी दार उघडताच चढा. मिन्चेता बुरुजावरून कौलं नीट न्याहाळा: उजळ दिसणारी बरीचशी क्रोएशियाच्या स्वातंत्र्ययुद्धातल्या 1991-92 च्या तोफमाऱ्यानंतर बसवलेली. हे दृश्यच तिकिटाचे पैसे वसूल करतं! तिकीट टाकू नका, त्यावरच लोव्ह्रियेनात्स किल्लाही पाहता येतो. परतताना पिलेला बससाठी गर्दी उसळते. जहाजावर परतायच्या वेळेआधी दीड तास हाताशी ठेवून निघा.