वॉशिंग्टनला एकच दिवस असेल तर कुठलं म्युझियम?

भारतातून कुणी आलं की आमची वॉशिंग्टनची फेरी ठरलेली, आणि दर वेळी प्रश्न तोच: होलोकॉस्ट (नाझींनी केलेला ज्यूंचा संहार) म्युझियम की आफ्रिकन-अमेरिकन म्युझियम? दोन्ही फुकट, एकमेकांपासून चालत पंधरा मिनिटांवर, म्हणून लोक एका दिवसात दोन्ही उरकायला बघतात. आम्हीही बघितलं होतं. तेवढं करू नका. दुसऱ्या ठिकाणी डोकं काही आत घेत नाही.

दोन्हींची वाट अगदी उलटी आहे. होलोकॉस्टमध्ये लिफ्ट चौथ्या मजल्यावर, १९३३च्या जर्मनीत सोडते आणि तिथून खाली उतरत यायचं. दुसरीकडे लिफ्ट जमिनीच्या पोटात, पंधराव्या शतकात नेते आणि चढत चढत वर यायचं. गुडघ्यांच्या दृष्टीने पहिलं बरं.

मांडणीत होलोकॉस्ट म्युझियम सरस आहे, हे मान्यच. आजच्या लिथुआनियातल्या एइशिशोक या एका गावातल्या ज्यूंच्या फोटोंचा उंच मनोरा आहे. लग्नं, सहली, सायकलवरची पोरं. १९४१च्या सप्टेंबरमध्ये दोन दिवसांत नाझींनी तिथले जवळजवळ सगळे ज्यू मारले. पुढे पोलंडमधल्या मायदानेक या नाझी छावणीतल्या बुटांचा ढीग लागतो. जुन्या चामड्याचा वास येतो, मी तिथे फार थांबू शकलो नाही.

माझं बिनसलं ते ओळखपत्रावरून. आत शिरताना एका खऱ्या माणसाची माहिती असलेली छोटी पुस्तिका मिळते. मजला उतरला की पान उलटायचं, शेवटी ती व्यक्ती वाचली की नाही ते कळतं. कल्पना चांगलीच. पण आमच्यापुढे कुठल्याशा शाळेची सहल होती, आणि पोरांनी लिफ्टमध्येच शेवटची पानं उघडली. “माझी वाचली. तुझी?” मग भाचीनेही उघडलं. आणि आता लपवत नाही, मीही. दोष पुस्तिकेचा नसेल, पण पुढचे तिन्ही मजले तो निकाल डोक्यात घेऊन फिरलो.

आफ्रिकन-अमेरिकनमध्ये हातात असं काही नसतं. तळाशी काचेमागे लोखंडाचे ओबडधोबड ठोकळे दिसतात. ‘साओ जोसे’ हे पोर्तुगीज जहाज १७९४मध्ये मोझांबिकहून ब्राझीलला गुलाम नेताना केपटाऊनजवळ फुटलं, चारशेहून जास्त माणसांपैकी निम्मी बुडाली. (मोझांबिकचा कारभार १७५२पर्यंत गोव्याहून चालायचा, हे मला तिथून घरी आल्यावर कळलं.) माणसं म्हणजे हलका माल, जहाज डोलू नये म्हणून तळाशी हे लोखंड भरायचे. भाचीने पाटी दोनदा वाचली. नंतर बराच वेळ तिने काही विचारलं नाही. वर अमेरिकेचा तिसरा राष्ट्राध्यक्ष जेफरसन याचा पुतळा आहे, मागे विटांची रास, आणि विटांवर त्याच्या मालकीच्या गुलामांची नावं.

तिथेही त्रास आहेच. तळाला वाटा अरुंद, मागून रेटा येतो. शनिवार-रविवार टाळा. वर संगीताची आणि खेळांची दालनं आहेत, मुलं तिकडे ओढत नेतात, त्यासाठी तास राखून ठेवा.

बाकी ज्याची त्याची आवड. पुढच्या महिन्यात आत्या येतेय, गुडघे धड नाहीत तिचे. तरी पास मी चढायच्या म्युझियमचेच काढलेत.