संगणक कक्षात व्हेयॉन: ऑक्टोबर 2021 ते एप्रिल 2022 वापरल्यानंतरचा अनुभव

आमची शाळा दापोली तालुक्यातली, समुद्रापासून चालत दहा मिनिटांवर. मी गणित शिकवते. आधीचे सर निवृत्त झाल्यापासून संगणक कक्षही माझ्याकडेच आहे. कोरोनामुळे बंद असलेले ग्रामीण भागातले पाचवी ते बारावीचे वर्ग 4 ऑक्टोबर 2021 पासून भरणार हे नक्की झालं, तेव्हा मुख्याध्यापकांनी विचारलं, "बाई, लॅब उघडायची का?" मला लगेच हो म्हणवेना. बारा मशीन, दोघांच्या मधे जेमतेम दीड हात जागा. एकेका कीबोर्डवरून दिवसभरात चार-पाच मुलांचे हात फिरणार. त्यात शिकवणारा माणूस दर दोन मिनिटांनी कुणाच्या तरी खांद्यावरून वाकणार. वर्गात एका बाकावर एक मूल बसवून अंतर राखता येतं, पण लॅबमध्ये सगळ्यात जास्त फिरते ती मीच.

म्हणून व्हेयॉन बसवलं. शिक्षकाला आपल्या जागेवरून सगळ्या मुलांचे पडदे बघता आणि हाताळता येतात, असं हे सॉफ्टवेअर. ते फुकट आणि मुक्त स्रोत आहे, विंडोज आणि लिनक्स दोन्हींवर चालतं. पूर्वी आयटाल्क नावाचं सॉफ्टवेअर होतं, त्यातूनच हे पुढे आलं. आमच्यासाठी सर्वात मोठी गोष्ट म्हणजे त्याला इंटरनेट लागत नाही, लॅबमधल्या लॅबमध्ये केबल जोडलेली असली की झालं. ज्या गावात मुलांनी दीड वर्ष सड्यावर जाऊन रेंज शोधत अभ्यास केला, तिथे या एका गोष्टीची किंमत वेगळी सांगायला नको.

बसवण्याआधी चार दिवस नुसती साफसफाई चालली. दीड वर्ष बंद खोली आणि खारी हवा. बारापैकी पाच मशीन सुरूच होईनात. रॅम (आतली मेमरीची पट्टी) काढून तिचे सोनेरी दात खोडरबराने पुसले, परत बसवली, तेव्हा तीन चालू झाली. दोन शेवटपर्यंत झाली नाहीत. म्हणजे हातात राहिली दहा. ती भिंतीकडे तोंड करून लांब लांब मांडली आणि दहा-दहा मुलांच्या तुकड्या केल्या.

बसवणं अवघड नाही, पण क्रम चुकवू नका. मुलांच्या प्रत्येक मशीनवर सेवा, म्हणजे व्हेयॉनचा मागे चालत राहणारा भाग बसवायची, शिक्षकाच्या मशीनवर मास्टर, म्हणजे सगळ्यांचे पडदे छोट्या चौकटींत दाखवणारा भाग. मग कॉन्फिगरेटरमध्ये, म्हणजे व्हेयॉनच्या सेटिंगच्या भागात, किल्ल्यांची (ओळख पटवणाऱ्या फाइलींची) जोडी तयार करायची: सार्वजनिक किल्ली मुलांच्या मशीनवर जाते, खाजगी किल्ली फक्त शिक्षकाकडे. ही खाजगी किल्ली पेन ड्राइव्हवर ठेवून स्टाफरूममध्ये विसरू नका. ती ज्याच्याकडे, त्याला सगळे पडदे दिसणार.

मला सगळ्यात जास्त छळलं ते आयपी पत्त्यांनी, म्हणजे नेटवर्कवर प्रत्येक मशीन ज्या क्रमांकाने ओळखलं जातं त्याने. आमच्याकडे वीज जाणं रोजचं. वीज आली की राउटर मशीनना नवे पत्ते वाटायचा आणि मास्टरमध्ये मी चार नंबर उघडला की सात नंबरचा पडदा समोर यायचा. एकदा मी भलत्याच मुलाचं काम बंद केलं, त्याची अर्ध्या तासाची टायपिंग गेली. मी त्याची माफी मागितली. त्याच संध्याकाळी बसून दहाही मशीनना कायमचे पत्ते दिले, तेव्हापासून तो त्रास संपला. नव्याने बसवणाऱ्यांनी हे पहिल्याच दिवशी करावं.

पहिल्या दिवसाचं दृश्य अजून डोळ्यांसमोर आहे. आठवीतला एक मुलगा मॉनिटरवर बोट ठेवून वर सरकवत होता. एकदा, दोनदा, मग जरा जोर लावून. सहावीत होता तेव्हा शाळा बंद झाली, मधल्या काळात हातात फक्त घरातला मोबाईल. माउस नावाची वस्तू तो विसरूनच गेला होता. पूर्वीची मी असते तर जाऊन त्याचा हात धरून माउसवर ठेवला असता. त्या दिवशी जागेवरून त्याच्या मशीनचा ताबा घेतला आणि बाण हळूहळू फिरवून दाखवला. तो दचकून ओरडला, "बाई, माझा बाण आपोआप फिरतोय!" सगळी लॅब हसली. मास्कच्या वर नुसते डोळे दिसत होते, पण किती महिन्यांनी एका खोलीत एवढी पोरं हसताना ऐकली!

सुरक्षिततेच्या बाजूने प्रत्यक्ष फरक पडला तो इथेच. मला कुणाच्या कीबोर्डला हात लावावा लागला नाही. एका प्रोजेक्टरसमोर गर्दी नको, कारण माझा पडदा दहाही मशीनवर एकदम दिसतो. सरावाच्या फाइली थेट पाठवता येतात, त्यामुळे हातोहात फिरणारा पेन ड्राइव्ह बंद झाला. दोन तुकड्यांच्या मधे कीबोर्ड पुसणं मात्र आपल्यालाच करावं लागतं.

सगळ्यांचे पडदे एका झटक्यात बंद करायची सोयही आहे. सुरुवातीला ती मी फार वापरली. नंतर लक्षात आलं की इतक्या महिन्यांनी परत आलेल्या मुलाच्या समोरचा पडदा अचानक काळा झाला की ते बावरतं, आपलंच काही चुकलं असं समजतं. आता आधी तोंडाने सांगते, दहापर्यंत मोजते, मगच बटण दाबते.

एक गोष्ट मात्र मुलांनीच शोधली. तोंडाला मास्क, डोक्यावर पंखा, मधे सहा फूट अंतर: हळू बोलणाऱ्या मुलांचा आवाज माझ्यापर्यंत पोचतच नसे. नववीतली एक मुलगी, कोळीवाड्यातली, शाळा सुरू झाल्यापासून वर्गात एक शब्द बोलली नव्हती. एक दिवस तिच्या छोट्या चौकटीत मला नोटपॅड उघडलेलं दिसलं आणि त्यात भलं मोठं प्रश्नचिन्ह. अक्षराचा आकार तिने 72 केला होता. मी तिच्या मशीनवर निरोप पाठवला: 'काय अडलं?' प्रश्नचिन्ह पुसून तिने लिहिलं, 'बेरीज येते पण सूत्र विसरले.' स्प्रेडशीटमधलं बेरजेचं साधं सूत्र. चार दिवसांत सगळ्या तुकडीने ही पद्धत उचलली. ज्या मुलांना सर्वांदेखत हात वर करायची भीती वाटते, त्यांना ही वाट फार उपयोगी पडली. माझ्या मते या सॉफ्टवेअरचा खरा फायदा हाच, आणि मी ते बसवलं तेव्हा तो माझ्या मनातही नव्हता.

मुलांना पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा की त्यांचा पडदा तुम्हाला दिसतो. मी फळ्यावर लिहून ठेवलं आहे. शिवाय शिक्षक जोडला गेला की मुलाच्या पडद्यावर सूचना यावी, असा पर्याय सेटिंगमध्ये आहे. तो चालू ठेवा. चोरून बघायला लागलात तर तुमच्यासाठी प्रश्नचिन्ह लिहायला कुणी येणार नाही.

मर्यादाही सांगते. घरी राहिलेल्या मुलांसाठी माझ्या लॅबमधल्या या व्यवस्थेचा काही उपयोग झाला नाही. एसटीचा संप एप्रिलपर्यंत चालला आणि लांबच्या वाड्यांवरची मुलं महिनोन्महिने येऊ शकली नाहीत. 10 जानेवारीला शाळा पुन्हा बंद झाल्या, 24 तारखेला उघडल्या. त्या दोन आठवड्यांत आम्ही परत फोनवरच. वायफायवर माझा पडदा सगळ्यांना दाखवायला गेले तर चित्र अडकत अडकत जाई. केबलवर ठीक, पण आमचा हब (सगळ्या केबल जोडणारा डबा) जुना, दहाही मशीनना एकदम दाखवताना दमतो.

आणि खिडक्या. मशीन टिकावीत म्हणून कोकणात लॅबच्या खिडक्या कायम बंद ठेवतात. मुलं सुरक्षित राहावीत म्हणून त्या उघड्या हव्या होत्या. यावर शिक्षकांच्या बैठकीत बराच वेळ वाद झाला. मी म्हटलं, रॅम खोडरबराने पुसता येते. सात महिने खिडक्या सताड उघड्या ठेवल्या. त्यात एक मशीन गंजून गेलं, नऊ राहिली.

गुढीपाडव्याला राज्यातले निर्बंध उठले, आता मी पुन्हा मुलांच्या मधून फिरते. तरी व्हेयॉन चालूच ठेवलं आहे, कारण प्रश्नचिन्हं अजून येतात. ज्यांच्याकडे केबल टाकलेली लॅब आहे त्यांनी बिनधास्त बसवावं. ज्यांची लॅब वायफायवर आहे त्यांनी आधी दोन मशीनवर करून पाहावं. आम्हाला जूनच्या आधी हब बदलायचा आहे, आणि पावसाची झड आत येणार नाही अशा बेताने समुद्राकडच्या दोन खिडक्यांना वरून पत्रा ठोकायचा आहे.